न फेडलेल्या नोटा

पोस्टाची तिकिटे आणि जुनी नाणी जमविण्याचा छंद आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी असेल. कागदी नोटा जमविणारे त्या मानाने थोडे. त्यातही सरकारऐवजी एखाद्या गावच्या बँकेने आपल्या नावाने छापलेल्या नोटा जमविणारे आमच्या तालुक्यात आमच्याखेरीज कोणी असल्याचे ऐकिवात नाही. घोडेगाव हे जनावरांच्या बाजाराचे गाव. येथे बैलजोडीचा भाव पिढ्यान्‌पिढ्या रुमालाखाली बोटे दाबून ठरत आला, इसार हातावर ठेवला की शब्द पक्का होत आला. कागदाचा प्रश्न फारसा आलाच नाही. अशा गावी धर्मगुरूच्या कपाटात, बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्यांशेजारी, परदेशी बँकांच्या रद्द नोटांची एक जाड वही असावी याचे आमच्या धर्मग्रामस्थांना नवल वाटते. "फादर, एवढ्या नोटांत नगरपर्यंतचे एस.टी.चे तिकीट तरी निघेल का?" असे एका चुणचुणीत मुलाने आम्हांला विचारले होते. निघणार नाही, हे त्याला ठाऊक होतेच.

वहीतील पहिले पान न्यू ऑर्लिन्स शहरातील कॅनल बँकेचे आहे. सेमिनरीतील आमचे एक सहाध्यायी काही वर्षे अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात धर्मसेवा करीत होते. एका नाताळात त्यांनी शुभेच्छापत्रात घालून ही वीस डॉलरची नोट पाठविली. कोरीव ठशाची छपाई इतकी नाजूक की भिंग हाती घ्यावे लागते; सह्यांच्या जागा मात्र कोऱ्या. ही बँक १८३१ साली निघाली ती कालवा खणण्यासाठी. शहरापासून पाँचरट्रेन सरोवरापर्यंत दलदलीतून तो कालवा खणला आयर्लंडहून आलेल्या गरीब मजुरांनी. ते बहुतेक कॅथलिक. पिवळ्या तापाने आणि पटकीने त्यांच्यातील हजारो माणसे मेली; नेमका आकडा कोणी लिहून ठेवला नाही. पुढे कालवाही बुजविला गेला आणि आज त्या ठिकाणी त्या मजुरांच्या स्मरणार्थ आयरिश घडणीचा एक दगडी क्रूस उभा आहे. मुळा धरणाच्या कालव्यावर ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी मातीच्या पाट्या वाहिल्या, त्यांना ही नोट दाखविताना आम्ही कालव्याची गोष्ट आधी सांगतो आणि डॉलरची मागून.

आज आपल्याला चलन म्हणजे सरकारचे, एवढेच ठाऊक आहे. परंतु १८३० नंतरची तीसेक वर्षे अमेरिकेत कागदी चलन काढले ते राज्याराज्यांतून परवाने घेतलेल्या खाजगी बँकांनी. १८६० च्या सुमारास अशा दीड हजारांवर बँका होत्या आणि त्यांच्या नोटांचे प्रकार हजारोंनी होते. तीन डॉलरची नोटदेखील होती. नोटांवरील चित्रे पाहत बसावे अशी: नांगर धरलेला शेतकरी, धार काढणारी स्त्री, गायीगुरे, आगगाडी, जहाज. न्यू यॉर्कच्या सेंट निकोलस बँकेने तर आपल्या नोटेवर सांताक्लॉजलाच आणून बसविले होते. चित्रांना तोटा नव्हता. नोटेमागे तिजोरीत नाणे आहे की नाही, हे मात्र धारकाला कळण्याचा मार्ग नव्हता. दूरच्या गावची नोट दुकानदार पूर्ण किमतीला घेत नसे. कोणती बँक तगून आहे, कोणती बुडाली, कोणती नोट बनावट, हे सांगणारी छापील पत्रके तो गल्ल्याशेजारी ठेवी. जॉन थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने न्यू यॉर्कमध्ये अशा पत्रकावर नाव कमाविले; पुढे १८७७ साली त्याने स्वतःच चेज नॅशनल बँक काढली. लोकांचा अविश्वास हे त्याचे पहिले भांडवल, असे म्हटल्यास ते फार कठोर होऊ नये. मिशिगन राज्यातील १८३७-३८ मधील बँकांची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. तपासनीस येण्यापूर्वी तीच नाण्यांची पेटी घोडागाडीने एका बँकेतून दुसरीत पोहोचविली जाई. काही पिंपांत तर तळापासून लोखंडी खिळे भरून वर तेवढा नाण्यांचा थर दिलेला असे.

सगळ्याच बँका अशा नव्हत्या. बॉस्टनच्या सफोक बँकेने आसपासच्या राज्यांतील खेड्यापाड्यांच्या बँकांना शिस्त लावली होती. ती त्यांच्या नोटा पूर्ण किमतीला स्वीकारी आणि त्यांच्याकडून वेळच्या वेळी नाणे वसूल करी. त्यामुळे त्या भागातील नोट खात्रीची मानली जाई. ही माहिती आम्हांला मोलाची वाटते, कारण आमच्या प्रॉटेस्टंट बंधूंचे अमेरिकन मिशन १८३१ साली नगरला आले ते बॉस्टनच्या मंडळाच्या आधारावर. ज्यांची मुलींची शाळा जोतीराव फुले यांनी नगरला येऊन पाहिली, त्या सिंथिया फरार त्याच मिशनच्या. त्या शाळेसाठी तिकडच्या खेड्यांतील उपासनेच्या वेळी थाळीत जे दान पडे, त्यात अशा गावठी बँकांच्या नोटा नसतील तरच नवल.

या छंदात चार वर्षे काढली की एक गोष्ट ध्यानात येते आणि मग ती मनातून जात नाही. नोट हे कर्ज आहे. धारकाने ती बँकेपुढे ठेवली की बँकेने नाणे मोजून द्यायचे, नोट परत घ्यायची आणि ती भोके पाडून वा जाळून रद्द करायची. जी बँक शब्दाला जागली तिच्या नोटा अशा रीतीने तिच्याच गल्ल्यावर संपल्या. जी बुडाली तिच्या नोटा लोकांच्या पेट्यांत राहिल्या, आणि नातवंडांनी त्या जुन्या बाजारात आणल्या. म्हणून संग्राहकाला स्वस्तात आणि ढिगाने मिळतात त्या बहुधा दोन प्रकारच्या नोटा: बुडीत बँकेच्या, किंवा आमच्या कॅनल बँकेच्या नोटेसारख्या, सह्या न होता छापखान्याच्या ताव्यांतच राहून गेलेल्या. प्रामाणिक बँकेची नोट दुर्मीळ. कोणी तरी ती परत न्यायची विसरला, म्हणून ती उरली. तेव्हा आमची वही ही मुख्यतः मोडलेल्या शब्दांची वही आहे. पुष्कळ हात फिरून घडीवर विरलेली नोट आम्ही हाती घेतो तेव्हा ती शेवटी ज्याच्या हातात राहिली तो कोण असेल, हा विचार येतोच. मजुरीत मिळाली असेल, की गाय विकून?

अमेरिकेतील हा गोंधळ आवरला तो यादवी युद्धाने. युद्धाच्या खर्चासाठी लिंकन यांच्या सरकारला आपले रोखे खपवायचे होते. १८६३ च्या कायद्याने अशी व्यवस्था केली की, बँकेने सरकारी रोखे कोषागारात तारण ठेवावेत आणि त्या आधारावर सरकारने छापलेल्या, पण त्या बँकेचे व गावाचे नाव असलेल्या नोटा काढाव्यात. बँक बुडाली तरी नोट बुडणार नाही. कोषागार ती फेडील. या राष्ट्रीय बँकांच्या नोटा १९३५ पर्यंत निघत राहिल्या आणि १२,००० हून अधिक बँकांनी त्या काढल्या. आजचे अमेरिकन संग्राहक सर्वाधिक धडपडतात ते यांच्यासाठी, आणि ते आपापल्या गावच्या नावासाठी. नोटेवर गावाचे नाव, बँकेचा सनद क्रमांक, अध्यक्षाची व रोखपालाची सही. शेदोनशे उंबऱ्यांच्या गावच्या एक-दोनच नोटा शिल्लक असतील तर मोठमोठ्या रकमा मोजल्या जातात. घोडेगावच्या नावाची अशी एखादी नोट असती तर आम्हीही आमची घड्याळे विकायला काढली असती.

त्याच युद्धाची झळ आपल्या मुंबईलाही लागली, आणि तिचा संबंध नोटा काढणाऱ्या बँकेशीच आहे. बँक ऑफ बॉम्बे ही १८४० साली स्थापन झाली आणि तिला स्वतःच्या नोटा काढण्याचा अधिकार होता. तिच्या नोटांवर मुंबईच्या टाउन हॉलचे चित्र असे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन व जॉन माल्कम हे गव्हर्नरही काही नोटांवर आहेत. १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला आणि बँकेच्या नोटा परत येऊन नष्ट झाल्या. तोच अमेरिकेतून इंग्लंडला जाणारा कापूस अडला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत शेअरांचे वेड पसरले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळला, आणि बेताल कर्जे दिलेली ही बँक १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. त्याच नावाची नवी बँक लगेच निघाली. ती पुढे इंपीरियल बँकेत व तेथून स्टेट बँकेत विलीन झाली. बँक बुडण्याआधीच नोटा फेडल्या गेल्या होत्या, म्हणून त्या आज इतक्या विरळा. मुंबईच्या फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेने २००४ साली सुरू केलेल्या चलन संग्रहालयात आपल्या देशातील कागदी चलनाचा इतिहास मांडलेला आहे. मुंबईस जाणाऱ्यांनी एक दुपार तेथे काढावी.

ज्या बँकेच्या नोटा आमच्या वहीत खऱ्या अर्थाने वापरून आलेल्या आहेत ती गोव्याची. लिस्बनमध्ये १८६४ साली निघालेल्या बांको नासिओनाल अल्ट्रामारिनो या बँकेने गोव्यात १८६८ मध्ये शाखा उघडली आणि १९०६ पासून तेथे रुपियांच्या नोटा काढल्या. १९५९ मध्ये रुपिया जाऊन एस्कुदो आला. एका रुपियाला सहा एस्कुदो, म्हणून नोटाही ३०, ६०, ३०० आणि ६०० अशा विचित्र आकड्यांच्या. त्यांवर अफोन्सो द आल्बुकेर्क यांचे चित्र. ३० एस्कुदोची एक नोट आम्हांला सेमिनरीतील एका वृद्ध गोमंतकीय गुरुजींनी दिली. ती देताना त्यांनी नोटेपेक्षा दागिन्यांचीच हकीकत अधिक सांगितली. गोवेकर घराणी अडीअडचणीला आपले सोने या बँकेत गहाण ठेवीत. डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त होण्याच्या तोंडावर, ते दागिने लिस्बनला हलविले गेले. दोन्ही देशांचे संबंध १९७४ साली पुन्हा जुळले, तरी दागिने गोव्यात परतायला १९९१ उजाडले. तीस वर्षे! ज्या मुलीच्या लग्नासाठी ते सोडवायचे होते तिला तोवर नातवंडे झाली असतील. ती बँक मूळ देशात २००१ साली दुसरीत विलीन झाली, पण मकावमध्ये तिचे नाव टिकून आहे आणि तेथे ती आजही नोटा काढते.

या वहीची कीर्ती आमच्या अपेक्षेपेक्षा दूरवर गेली असावी. काही वर्षांपूर्वी शेजारच्या वाडीवरील एक मावशी पदराखाली प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. म्हणाल्या, "फादर, तुमी बुडालेल्या बँकांचे कागद इकत घेता म्हणं. मंग माझा बी घ्या." पिशवीत एका पतसंस्थेची मुदत ठेव पावती होती, ६०,००० रुपयांची. कडेने वेलबुट्टी, वर संस्थेचे बोधचिन्ह, खाली चेअरमन व व्यवस्थापक अशा दोघांच्या निळ्या शाईतील ठसठशीत सह्या. मावशींचे यजमान साखर कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हाचा तो फंडाचा पैसा. नातीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी ठेवलेला. संस्थेला टाळे लागून दोन वर्षे झाली होती. "किती देता?" त्यांनी विचारले. थट्टा नव्हती. नगरला एकाने जुन्या नोटेचे हजारो रुपये घेतल्याचे त्यांनी कोठे तरी ऐकले होते.

"मावशी, ही विकायची नसते," आम्ही म्हणालो. "अवसायकासमोर हीच मूळ पावती दाखवावी लागेल. ही हातची गेली तर मागायला काही उरणार नाही."

"मागून मिळंल का पर?"

अवसायकाच्या कार्यालयात त्यांच्याबरोबर आम्ही चार खेपा घातल्या. दावा नोंदला गेला. तीन वर्षांत दोन हप्ते मिळाले. दोन्ही मिळून अर्धी रक्कमही होत नाही. नात त्या वर्षी नर्सिंगला गेली नाही. नंतरही गेली नाही.

यानिमित्ताने एक व्यवहाराची गोष्ट वाचकांना स्पष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो, कारण सुशिक्षित घरांतही याबाबत घोटाळा आहे. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाली. तिच्या ठेवीदारांत आपल्या धर्मबंधूंची संख्या मोठी होती. त्यानंतर १९६२ पासून देशात बँक ठेवींना विम्याचे संरक्षण आले. आरंभी ते १,५०० रुपयांपर्यंत होते, १९९३ मध्ये १ लाख झाले आणि २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत आहे. नागरी सहकारी बँकाही यात येतात. पतसंस्था येत नाहीत. पतसंस्था ही सहकार कायद्याखाली नोंदलेली असते, रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली बँक नव्हे. दारावरची पाटी, काचेची केबिन, पासबुकाचा रंग, सारे काही बँकेसारखे असते. अनेक पतसंस्था चोख चालतात आणि आमच्या कित्येक कुटुंबांच्या विहिरी व गोठे त्यांच्याच कर्जातून झाले, हेही खरे. परंतु एक टक्का व्याज अधिक मिळते म्हणून आयुष्याची पुंजी एकाच ठिकाणी ठेवणाऱ्याने, बुडाल्यास फेडणारे कोषागार आपल्यामागे नाही, हे जाणून ती ठेवावी.

जुन्या पेट्यांत नोटा, हुंड्या, पावत्या सापडल्यास त्या लॅमिनेट करू नयेत, चिकटपट्टी लावू नये, इस्त्री तर मुळीच फिरवू नये. ज्या स्वस्त मऊ प्लॅस्टिकला वास येतो त्यात कागद ठेवल्यास शाई सुटते. पॉलिएस्टरचे पाकीट मिळते, ते वापरावे, आणि ते कसर लागणार नाही अशा कोरड्या जागी ठेवावे. मावशींच्या पावतीसाठी आम्ही असेच एक पाकीट दिले आहे. ती त्यांच्याच पेटीत असते. तिसऱ्या हप्त्याचे पत्र अद्याप आलेले नाही.