पहिल्या आठवड्यातील मळमळ

पावसाळ्यातील शनिवार-रविवारी बोरघाट चढून लोणावळ्यात आलेल्या कुटुंबांपैकी दोन-तीन तरी माझ्या दवाखान्यात येतात. मूल मलूल झालेले, आईच्या हाती पिशवी, आणि वडिलांची मागणी ठरलेली: "ती जिभेवर विरघळणारी उलटीची गोळी द्या." ही गोळी म्हणजे ऑन्डान्सेट्रॉन. औषध उत्तम, पण घाटाच्या वळणांनी होणाऱ्या उलटीवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. का होत नाही, हे समजून घेण्यासाठी सेरोटोनिनची ओळख करून घ्यावी लागते.

सेरोटोनिनला 'आनंदाचे रसायन' म्हणण्याची प्रथा पडली आहे. मला ती आवडत नाही. शरीरातील नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात असते. दूषित अन्नाने आतड्याचे अस्तर चिडले की तेथील पेशी ते बाहेर सोडतात, ते मज्जातंतूंच्या टोकांवरील ग्राहींना, म्हणजे रिसेप्टरना, जाऊन भिडते आणि मेंदूतील उलटीच्या केंद्राकडे वर्दी जाते. ऑन्डान्सेट्रॉन नेमका हा ग्राही अडवते. म्हणून जुलाब-उलट्यांनी बेजार झालेल्या मुलाच्या पोटात त्यामुळे जलसंजीवनी टिकते. घाटातील उलटीचे मूळ मात्र कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियात असते. तेथील निरोप प्रामुख्याने हिस्टामिन आणि असिटिलकोलिन नेतात. तिथे प्रोमेथाझिन चालते, तेही प्रवासाआधी अर्धा-पाऊण तास घेतलेले. त्याने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने ते घेऊ नये. दोन वर्षांखालील मुलाला तर मुळीच देऊ नये.

सेरोटोनिनच्या ग्राहींची सात कुळे आणि एकूण चौदा प्रकार आजवर ज्ञात आहेत. पाऊस एकच असतो. अंदर मावळात तो भाताची रोपे जगवतो, पवना धरणात साठतो आणि घाटात दरड खाली आणतो. सेरोटोनिनचेही तसेच आहे. परिणाम ठरतो तो कोणत्या ठिकाणच्या कोणत्या ग्राहीला ते भिडले यावरून.

हे ज्ञान मला सर्वांत उपयोगी पडते ते नैराश्याच्या रुग्णांसाठी. गेल्या ज्येष्ठात कामशेतपलीकडील एका गावातून एक गृहिणी आली. झोप उडालेली, भूक गेलेली, मुलांशी बोलणेही नकोसे झालेले. मी सर्ट्रालीन सुरू केले. पाचव्या दिवशी ती सासूबाईंसह परत आली. सासूबाईच बोलल्या: "डॉक्टर, गोळीनं हिच्या पोटात नुसतं ढवळतंय, आणि गुण तर काडीचा नाही. बंद करू का?"

दोन्ही निरीक्षणे अगदी खरी होती. ही गोळी पहिल्याच दिवसापासून पेशींबाहेरचे सेरोटोनिन वाढवते. ते आतड्यातील त्याच उलटीच्या ग्राहींनाही भिडते, म्हणून मळमळ लगेच सुरू होते. मेंदूत मात्र सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशींवरच एका प्रकारचे ग्राही असतात. सेरोटोनिन वाढताच ते ब्रेक लावतात. हे ब्रेक सैल व्हायला काही आठवडे लागतात, आणि गुण उशिरा येण्याचे एक महत्त्वाचे कारण हेच मानले जाते. म्हणजे त्रास आधी आणि आराम मागाहून, तोही एकाच गोळीमुळे. मळमळ बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरते. गोळी जेवणानंतर घेतली तर ती कमी जाणवते. सासूबाईंना मी आणखी एक काम दिले: सुनेची अस्वस्थता वाढली किंवा जिवाचे बरे-वाईट करण्याची भाषा तिच्या तोंडी आली, तर रात्री-अपरात्रीही तिला घेऊन यायचे. सुरुवातीच्या काळात, विशेषतः पंचविशीच्या आतील रुग्णांवर, असे लक्ष ठेवावेच लागते.

सेरोटोनिन आणि मन यांचा संबंध जोडला गेला त्यात आपल्या सर्पगंधेचाही वाटा आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा लेख प्रसिद्ध केला आणि या मुळीकडे जगाचे लक्ष गेले. १९५२ मध्ये तिच्यातील रेसरपिन वेगळे करण्यात आले. ते शरीरातील सेरोटोनिनचे साठे रिकामे करते, हे पुढे दिसले. काही रुग्ण त्यावर खिन्न झाल्याच्याही नोंदी झाल्या. त्यावरून 'सेरोटोनिन कमी म्हणजे नैराश्य' असे सोपे समीकरण रूढ झाले. रेसरपिन इतरही रसायनांचे साठे रिकामे करते आणि नैराश्याची कारणे त्याहून कितीतरी गुंतागुंतीची आहेत, हे मात्र मागे पडले.

पाचव्या आठवड्यात ती गृहिणी एकटीच आली. लावणीला जाते, म्हणाली. भिजून खोकला झाला होता आणि दुकानातून आणलेली खोकल्याच्या औषधाची बाटली तिच्या हातात होती. तीत डेक्स्ट्रोमेथॉर्फन होते. ते, किंवा दुखण्यावरचे ट्रॅमाडॉल, सर्ट्रालीनसोबत घेतल्यास काही वेळा सेरोटोनिनचा अतिरेक होतो: हातपाय थरथरतात, घाम फुटतो, ताप चढतो, स्नायू ताठरतात, माणूस बरळू लागतो. अशा रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. मी ती बाटली ठेवून घेतली, तिला दुसरे औषध लिहून दिले आणि कुठल्याही दुकानात वा दवाखान्यात जाताना सर्ट्रालीनची पट्टी सोबत न्यायला सांगितले. तिने ती तिथेच पदराच्या गाठीत बांधली.