दोन नर, एक घर



सुट्टी लागली की घरोघरी मुलांचा एक हट्ट ठरलेला असतो, "आपण काहीतरी पाळूया ना!" फ्लॅटमध्ये कुत्रा झेपत नाही, मांजर आजीला आवडत नाही, म्हणून हल्ली बरेच पालक गिनी पिगकडे वळतात. माझ्या वर्गातल्या दोन-तीन पालकांनीही याबद्दल विचारलं, कारण आमच्या घरी दोन गिनी पिग आहेत. दोन्ही नर आणि दोन्ही वेगवेगळ्या घरांतून आलेले. त्यांना एकमेकांची सवय कशी लागली, ते आज सविस्तर सांगते.

आधी थोडी ओळख. नावात गिनी असलं तरी हा प्राणी गिनी देशातला नाही आणि पिग असलं तरी डुक्कर नाही. तो उंदीर-खारीसारखा कुरतडणारा प्राणी. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या भागातला. माणसासारखंच त्यालाही क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. म्हणूनच १९०७ साली नॉर्वेतले ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख यांना स्कर्व्हीचा अभ्यास गिनी पिगवर करता आला. जीवनसत्त्वांचा पाठ शिकवताना ही गोष्ट जरूर सांगा, मुलं कान देऊन ऐकतात.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो कळपाने राहणारा जीव आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर एकटा गिनी पिग पाळायला कायद्यानेच मनाई आहे. आमचा भुऱ्या दोन वर्षांचा. त्याचा जोडीदार गेला आणि त्या कुटुंबाची बदली झाली, म्हणून तो आमच्याकडे आला. त्याला सोबत हवी म्हणून चार महिन्यांचा काळू आणला. काळूच्या आधीच्या घरी बाळाला ॲलर्जीचा त्रास सुरू झाला होता. "नर-मादीची जोडी का नाही घेतली?" असं सगळेच विचारतात. मादी दोन-सव्वादोन महिन्यांत विते आणि नर पिल्लू तीन-चार आठवड्यांतच वयात येऊ लागतं. मग पिल्लांना घरं शोधत फिरायचं कुणी?

नवीन आलेल्याला लगेच जुन्याच्या पिंजऱ्यात सोडू नका. आम्ही दोघांना दोन आठवडे वेगळ्या खोल्यांत ठेवलं. शिंका, केस गळणं, उवा, खरूज असं काही आहे का, ते या दिवसांत कळतं. भुऱ्या आला त्या दिवशी तर संध्याकाळपर्यंत खोक्यातून बाहेरच आला नाही, गवताला तोंडही लावलं नाही. मला खरी काळजी तीच होती. गिनी पिगचं पोट सतत चालू राहावं लागतं. दिवसभर खाल्लं नाही तर जीवावर बेतू शकतं, लगेच डॉक्टर गाठावा लागतो. मुलीला सांगितलं, उचलायचं नाही, हाक मारायची नाही, नुसतं लांब बसून पुस्तक वाचायचं. रात्री दिवे मालवले आणि थोड्या वेळाने अंधारात कुरुम-कुरुम आवाज आला. त्या रात्री मला शांत झोप लागली.

दोन आठवड्यांनी पिंजरे शेजारी आणले, मध्ये जाळी. एकाच्या अंगाखालचं कापड दुसऱ्याकडे टाकायला सुरुवात केली, कारण यांची ओळख वासानेच होते. मग एका रविवारी हॉलमध्ये, जिथे दोघांपैकी कुणीच फिरलेलं नव्हतं अशा कोपऱ्यात, धुतलेली चादर अंथरली. मध्ये गवताचा ढीग, त्यावर कोथिंबीर. बाजूला पुठ्ठ्याची दोन खोकी, प्रत्येकाला दोन दारं. एकच दार असेल तर पळणारा आत कोंडला जातो आणि मग खरी मारामारी होते. मी जाड टॉवेल घेऊन खाली बसले. भांडण सोडवायला हात मध्ये घालू नये, चावा फार खोल बसतो.

पाच मिनिटांत भुऱ्या घुरघुरायला लागला. कंबर डावी-उजवीकडे झुलवत काळूभोवती फिरला, त्याला हुंगलं, त्याच्या अंगावर चढला. मुलगी रडकुंडीला आली. "आई, काढ ना त्याला! तो मारतोय!" मी तिला म्हटलं, "रक्त दिसतंय का? नाही ना? मग थांब." घुरघुरणं, पाठलाग, अंगावर चढणं हे सगळं 'इथे मोठा कोण' हे ठरवणं असतं. आपण मध्ये पडलो तर ते ठरतच नाही, पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. दात कटकट वाजणं, केस फुलवून तोंडासमोर तोंड आणून उभं राहणं ही मात्र धोक्याची घंटा. त्यानंतर दोघं गुंतून गोल फिरू लागले किंवा रक्त आलं, तर टॉवेल टाकून ताबडतोब वेगळं करायचं.

आमच्याकडे काळूने मान खाली घातली आणि दुसरीकडे सरकला. अर्ध्या तासाने दोघं एकाच ढिगाच्या दोन बाजूंनी खात होते.

त्यांचं कायमचं घर मोठं लागतं. दोन नरांना किमान १० चौरस फूट तरी हवं. आम्ही ५ फूट बाय २ फुटांचं केलंय. प्रत्येक वस्तू दोन-दोन : दोन पाण्याच्या बाटल्या, दोन खोकी, गवताच्या दोन जागा. आसपास मादी नको, तिच्या वासानेही जुळलेलं बिनसतं. साधारण तीन महिन्यांपासून वर्षभराचे होईपर्यंत नर अंगात आल्यासारखे वागतात. काळूनेही पाचव्या महिन्यात भुऱ्याला आव्हान देऊन बघितलं. चार-पाच दिवस घरात नुसती घुरघुर होती, मग निवळलं.

हे बघताना मला माझा वर्ग आठवत होता. आमच्या शाळेत दिवाळीनंतर ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं येतात. नव्या मुलाला कुणाच्या तरी शेजारी बसवून "आता तुम्ही दोघं मित्र हं" म्हटलं की मैत्री होत नाही. मी पहिल्या आठवड्यात दोघांत एक खडूपेटी देत नाही, दोन देते. वाटून घेणं नंतर आपोआप येतं, आधी आपल्याला कमी पडणार नाही याची खात्री वाटावी लागते. आणि किरकोळ कुरबुरीत लगेच धावून जात नाही. लक्ष मात्र ठेवते, हातात टॉवेल असल्यासारखं.

आणखी दोन सूचना. यांना आपला उन्हाळा सोसत नाही. दुपारी खोली थंड ठेवा, पिंजरा उन्हात किंवा गच्चीवर नको. खायला मुख्यतः सुकं गवत, सोबत क जीवनसत्त्वासाठी ढोबळी मिरची. कांदा, लसूण, बटाटा अजिबात नको.

एवढं करूनही काही नरांचं पटतच नाही. तेव्हा ते परत करायची किंवा रोज झुंजवायची गरज नसते. मध्ये जाळी लावून शेजारी-शेजारी ठेवा. एकमेकांचा वास येतो, आवाज ऐकू येतो, तीही सोबतच आहे. घरी प्राणी आणायच्या आधी एवढ्या जागेची, दोन पिंजऱ्यांची तयारी आहे का, हे मुलांसोबत बसून कागदावर मांडा. पाच ते आठ वर्षांचा हा संसार आहे, तेव्हा तुमचं मूल कितवीत असेल तेही त्याच कागदावर लिहा.