काळ्या मातीतले चाक

वाशिमहून मंगरुळपीरकडे निघालो की पावसाळ्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि तूर, आणि खाली काळी माती. पिकाला ही माती जितकी मानवते, तितकीच ती गाडीच्या चाकाला छळते. चिखल रिमच्या आत जाऊन बसतो, दिवसचे दिवस ओल धरून ठेवतो आणि चाक ज्यावर बसते तो लोखंडी हब गंजत जातो. रिम अलॉयची असेल तर आणखी वेगळी गोष्ट. ॲल्युमिनियम आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना चिकटले की मध्ये पांढरी पूड धरते. मग चारही नट निघून हातात येतात, पण चाक जागचे हलत नाही.

आमच्या ओळखीतले एक कुटुंब रिसोडकडच्या लग्नाहून परतत होते. इशाची वेळ टळून गेली होती, गाडीत म्हातारी आई आणि दोन लहान मुले, आणि मागचे चाक पंक्चर. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. फक्त चाक निघेना. एका ट्रकवाल्याने थांबून ते काढून दिले, अल्लाह त्याला बरकत देवो.

मंगरुळपीरच्या नावातला ‘पीर’ हजरत हयात कलंदर यांच्या दर्ग्यावरून आला, हे सर्वांना ठाऊक आहे. बाहेरगावच्या गाड्या इथे कायम येतात, त्यामुळे टायरच्या दुकानांना काम कमी पडत नाही. तिथल्या एका वयस्कर मिस्त्रींना मी विचारले, “चाचा, जाम चाकाला घण मारता का?”

“नाही सर,” ते म्हणाले, “रिमवर घण मारला की चाक निघेल, पण रिम वाकडी होईल. आधी गाडीलाच काम करू द्या.”

त्यांची रीत अशी. गाडी जमिनीवर असतानाच प्रत्येक नट एक आटा ढिला करायचा, एकही काढायचा नाही. मग सपाट जागेवर गाडी चार-पाच फूट पुढे-मागे अगदी हळू घ्यायची आणि हलका ब्रेक दाबायचा. गाडीचे वजनच चाक सोडवते. तरी नाही सुटले, तर हबच्या मधल्या गोल कडेला गंज सोडवणारे तेल सोडून पंधरा-वीस मिनिटे थांबायचे. ब्रेकच्या डिस्कवर थेंबही जाता कामा नये. त्यानंतर गाडी जॅकवर घेऊन, नट दोन-तीन आट्यांवर तसेच ठेवून, टायरच्या आतल्या बाजूला लाकडी ठोकळ्याने आलटून पालटून, खाली-वर ठोकायचे. नट ठेवायचे ते चाक अचानक उडून अंगावर येऊ नये म्हणून.

जॅकवरच्या गाडीखाली कोणी जायचे नाही. विटांचा आधार तर मुळीच नको, वीट फुटते. दुसरा आधार हाताशी नसेल तर स्टेपनी आडवी करून गाडीच्या कडेखाली सरकवावी. मुलांना अंगणातून घरात पाठवावे.

चाक निघाले की हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढायचा आणि मधल्या कडेवर ग्रीसचा पातळ हात फिरवायचा. नटाच्या आट्यांना ग्रीस नको. हे एवढे केले की पुढच्या वेळी चाक हाताने निघते.

हे सारे रस्त्यावर शिकण्यापेक्षा घरी शिकलेले बरे, आणि टायर फिरवणे हेच त्याचे निमित्त. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढची चाके ओढतात, म्हणून पुढचे टायर आधी झिजतात. साधारण दर १० हजार किलोमीटरला पुढचे टायर त्याच बाजूने मागे न्यावेत आणि मागचे बाजू बदलून पुढे आणावेत. टायरवर दिशेचा बाण असेल तर बाजू बदलू नये.

मंगरुळपीरहून शेलुबाजारला आलो की हा विषय एकदम मोठा होतो. जुना नागपूर–औरंगाबाद रस्ता इथूनच जातो आणि जवळच समृद्धी महामार्गाचे चढ-उतार आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि आपल्या गावातली गाडी ताशी १२० च्या रस्त्यावर गेली. शेतरस्त्याने फिरणारा टायर तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास पळू लागला. खाचेची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झालेला टायर कायद्यानेही बाद आहे, पण आपल्याकडे तो ‘अजून एक पावसाळा’ म्हणून चालवतात. महामार्गावर पंक्चर झालेच तर मुलाबाळांना आधी कठड्यापलीकडे उभे करा आणि मदत बोलवा. वाहत्या गाड्यांच्या बाजूला बसून चाक बदलण्याचे धाडस नको.

कारंजाकडच्या जुन्या रस्त्यावर आणखी एक गोष्ट दिसते. चाकाला लावलेले दगड तिथेच टाकून गाड्या निघून जातात, आणि अंधारात मागून एखादा मोटारसायकलवाला येतो. रस्त्यातून त्रास देणारी वस्तू दूर करणे हीदेखील ईमानची शाखा आहे, असे हदीसमध्ये आले आहे. आपणच ठेवलेला दगड उचलायला तर अर्धा मिनिटही लागत नाही.

नट आवळताना समोरासमोरचे घ्यावेत. पान्यावर उभे राहून आवळू नयेत, नाहीतर पुढच्या वेळी घरातल्या कोणाला ते सुटणार नाहीत. किती ताकद लावायची तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. आणि पन्नास-शंभर किलोमीटर झाले की गाडी थंड असताना एकदा पाना लावून पाहावा.