पान उलटायच्या आधी

चित्रांचं पुस्तक मुलांना वाचून दाखवणाऱ्याला ते पुस्तक स्वतःला कधी सरळ दिसत नाही. पुस्तकाचं तोंड मुलांकडे, आपण बाजूला, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पुढची ओळ टिपायची. ज्यांनी हे केलंय त्यांना जास्त सांगायला नको. माझं ते वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं होतं. मग चष्मा बदलला, प्रोग्रेसिव्ह काच आली. तिच्यातून फळा दिसतो, हातातली हजेरी दिसते, कडेचं मात्र सगळं पुसट होतं. आणि मी तर कडेनेच वाचत होतो. डॉक्टर म्हणाले, डोळे वळवू नका, मान वळवा. मान वळवली की हातही वळतो, आणि पुढच्या रांगेतलं एखादं पोर लगेच म्हणतं, "गुरजी, चित्र दिसत नाय."

म्हणून पुस्तकं पाठ केली. वाटलं, सुटलो. पण पाठ म्हणायला लागल्यावर एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती मला अजून टोचते आहे. माझ्या थांबण्याचं कौतुक व्हायचं. केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी गोष्ट सांगितली की सहकारी म्हणायचे, गुरुजी थांबतात कसे ते बघा. मी ते मनापासून स्वीकारत आलो. आता कळतंय, त्या थांबण्यातला बराच वेळ ओळ शोधण्यात जात होता. ओळ पाठ झाली, शोधायचं काही उरलं नाही, आणि माझी गोष्ट भराभर पुढे पळायला लागली. थांबणं आता ठरवून करावं लागतं. ठरवायचं म्हटलं की प्रश्न येतो, किती?

या एका प्रश्नाने माझा पिच्छा सोडलेला नाही. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घ्या. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ आडवा येतो. वाघ येणं आणि वाघाने बोलणं, यांच्यामध्ये किती वेळ जाऊ द्यायचा? शहरातल्या मुलांसमोर एक श्वास पुरतो. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर तो पुरत नाही. इथे वाघबारशीला वाघोबाची पूजा होते, आणि तानसा अभयारण्याच्या कडेला किंवा माळशेजच्या पायथ्याशी राहणाऱ्या घरात बिबट्याचा माग कुणी ना कुणी पाहिलेला असतो. वाघ म्हटल्यावर आमची मुलं घाबरत नाहीत, हिशेब करतात. कुठून उतरला, दिवस होता की रात्र, म्हातारीच्या हातात काठी होती की नाही. डोळखांबच्या बाजूला शिकवत असताना एकाने मला मध्येच विचारलं होतं, "पट्ट्याचा का ठिपक्याचा?" हा हिशेब पुरा व्हायच्या आत वाघाला बोलतं केलं तर तो वाघ त्यांच्या लेखी खोटा ठरतो. उशीर केला तर मागची दोघं एकमेकांना चिमटे काढायला लागतात. या दोहोंच्या मधली जागा रोज वेगळी असते. सोमवारी जिथे होती तिथे मंगळवारी सापडत नाही.

म्हाताऱ्या बायांना ही अडचण कधी आली नसावी, कारण त्यांच्याजवळ हुंकार होता. ओसरीवर गोष्ट सांगायची तर समोर एक जण तरी ‘हूं’ म्हणणारा हवा. ‘हूं’ आला की पुढचं वाक्य. तो विरला की सांगणारी विचारायची, "निजलात का रं?" थांबायचं किती, हे सांगणारीने ठरवायचंच नव्हतं. ते ऐकणाऱ्याच्या घशातून येत होतं. शाळेत आम्ही मुलांना हाताची घडी, तोंडावर बोट शिकवलं आणि नेमका तो हुंकार बंद केला. मग प्रशिक्षणात आम्हालाच शिकवतात की गोष्ट सांगताना योग्य जागी विराम घ्यावा.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि हे हुंकाराविना सांगणं मला फार जवळून दिसलं. ‘शाळा बंद, शिक्षण सुरू’ असं ठरलं खरं. पाड्यावर फोन बापाचा, रेंज टेकडीवर. मी गोष्टी रेकॉर्ड करून पाठवायचो, आणि संध्याकाळी बाप घरी आला की त्या ऐकल्या जायच्या. त्याच दिवसांत राज्यभरातले काही जण फोनवरच ओळखीचे झाले. भंडारा जिल्ह्यातल्या एक शिक्षिका, गडहिंग्लजकडचे एक गुरुजी, नागपूरचे एक ग्रंथपाल, मस्कतला राहणारी दोन मुलांची आई. दर रविवारी एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी ऐकून त्यावर बोलायचं. यातल्या बहुतेकांना मी अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण त्यांच्या घरातल्या कुकरची शिट्टी मला ओळखू येते. माधुरी पुरंदऱ्यांच्या ‘वाचू आनंदे’चे भाग मी या मैत्रीमुळे मिळवून वाचले. गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’वर आम्ही किती रविवार बोललो याला गणती नाही. शिक्षक म्हणून इतका आनंद मला कुठल्याच कार्यशाळेत मिळालेला नाही.

भांडण झालं तेही तिथेच. भंडाऱ्याच्या बाई आवाज फार नीट करतात. मी पाठवलेली गोष्ट त्यांनी साफ करून परत पाठवली. वाघापाशी मी ठेवलेली मोकळी जागा कापलेली होती. त्यांचं म्हणणं, "तिथे आवाज जातो हो. ऐकणाऱ्याला वाटतं, फोन बंद पडला." मी म्हटलं, तिथे मुलं हिशेब करतात. त्या म्हणाल्या, "कुठली मुलं? तुम्ही खोलीत एकटे होतात."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोलीत एकटा बसून मी जे थांबलो होतो ते कुणासाठी? त्यात माझ्या आवाजाचा मोह होता, हे मला मान्य आहे. ते रेकॉर्डिंग मी स्वतः पुन्हा पुन्हा ऐकलं होतं, आणि त्या मोकळ्या जागेपाशी दर वेळी मला माझंच बरं वाटलं होतं.

तरीही ती जागा कापू नये, असंच मला वाटतं. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, तेव्हा ऐकायला समोर आश्रमातली मुलं बसली नव्हती. तरी त्यांनी प्रकरणांना रात्री म्हटलं आणि ऐकणारी मंडळी पुस्तकात आणून बसवली. ती मध्येच बोलतात, विचारतात. हुंकार देणारं कुणी नाही म्हणून त्यांनी तो लिहून काढला. आज ‘श्यामची आई’ सांगणारे रडवणारे प्रसंग तेवढे उचलतात आणि ऐकणाऱ्यांना गाळतात. मला ती चोरी वाटते.

कथाकथनाच्या नावाखाली अलीकडे जे चालतं त्याबद्दल मी एकदा लिहिणारच होतो. डोक्यावर रंगीत टोपी, मागे बासरी, वाघासाठी वाघाचा आवाज, उंदरासाठी उंदराचा. मुलं हसतात, टाळ्या देतात, फोटो निघतात. पण सगळे आवाज सांगणाऱ्यानेच केले तर मुलाने आपल्या मनात काय करायचं? शेवटी तात्पर्य विचारतात ते आणखी वाईट. म्हातारी सुखरूप घरी पोचली याचा आनंद पुरता व्हायच्या आत तिच्यापासून काय शिकलो ते सांगायला मुलाला उभं करायचं. आणि पुस्तकं? वाचनकोपऱ्याचा फोटो वर गेला की पुस्तकं पुन्हा कपाटात जातात, फाटली तर भरून कोण देणार म्हणून. माझ्या वर्गातली पुस्तकं फाटलेली आहेत. एकाला तर हळदीचे डाग आहेत, म्हणजे ते चुलीपर्यंत पोचलं. मला त्याचा अभिमान आहे.

हे सगळं आमच्या ठाणे जिल्ह्यात घडावं याचं मला जास्त वाईट वाटतं. भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, १९५७ मध्ये कोसबाडला. पालघर २०१४ मध्ये वेगळा झाला. तोवर ते सगळं ठाणे जिल्ह्यातच होतं. गुरं राखायला जाणाऱ्या पोरांसाठी ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी कुरणात शाळा भरवली. मूल शाळेत येत नाही तर शाळेने त्याच्याकडे जावं, हे इथल्या मातीत करून दाखवलेलं आहे. अगदी अलीकडे आमच्याच मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात योगेंद्र बांगर या जिल्हा परिषद शिक्षकाने ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू केली. गुलाबी नऊवारी नेसून, पाटी घेऊन आज्या दुपारी अक्षरं गिरवू लागल्या. बातम्यांत त्यांच्या सह्यांचं कौतुक झालं, आणि ते योग्यच. मला मात्र वाटत राहतं, ज्या बाईने जन्मभर हुंकारावर गोष्ट पेलली, तिच्या हातात पुस्तक आल्यावर ती कुठे थांबत असेल? ओळीच्या शेवटी, की तिच्या जुन्या जागी? हे कुणीतरी शेजारी बसून ऐकायला हवं.

डोळ्यांनी साथ सोडल्यावर मी एक सोय केली. चौथीतल्या एका मुलीला शेजारी बसवली. पुस्तक तिच्या मांडीवर, तोंड मुलांकडे. मी पाठ सांगायचं, तिने पान उलटायचं. कातकरवाडीतली मुलगी, बोलायला कमी. पहिल्याच दिवशी मी ओळ संपवून तिच्याकडे पाहिलं तर ती पान उलटेना. मी खूण केली. ती माझ्याकडे बघतच नव्हती, मुलांकडे बघत होती. हलक्या आवाजात म्हणाली, "आजून बघतायत." तिचा अंगठा पानाच्या खालच्या कोपऱ्याशी तयार होता, कोपरा जरासा उचललेला, पण हात हलत नव्हता. मग मागच्या रांगेतल्या एकाने चित्रातल्या झाडामागे काहीतरी शोधलं, शेजाऱ्याला कोपराने ढोसलं, आणि तेव्हा तिने पान उलटलं.

मी सांगून थांबायचो, ती बघून थांबत होती. माझ्या इतक्या वर्षांच्या कामाची जी जागा मला सर्वांत आवडती, ती तिने कुणी न शिकवता घेतली होती. मला त्या दिवशी आनंद झाला असं लिहायला हवं, पण आधी टोचलं. आनंद दुसऱ्या दिवशी झाला. त्यानंतर ती असेल तेव्हा कुठे थांबायचं हे मी तिच्यावर सोडलं.

दिवाळीनंतर तिचं घर वीटभट्टीवर गेलं, भिवंडीच्या बाजूला. दर वर्षी जातं. जाताना हमी पत्रक देतो, तिथल्या जवळच्या शाळेत बसवा म्हणून सांगतो. काही मुलं बसतात, बरीचशी विटा उलटत राहतात. तिच्या वडिलांच्या फोनवर मी गोष्टी पाठवत राहिलो. एकदा उलट उत्तर आलं, माझीच वाघाची गोष्ट, तिथे झोपडीत वाजवताना रेकॉर्ड केलेली. मी थांबलो होतो तिथे एक बाई ‘हूं’ म्हणते. तिची आत्या असावी. मग एक लहान मूल काहीतरी विचारतं, ती मुलगी त्याला उत्तर देते, आणि उत्तर पुरं व्हायच्या आतच माझा वाघ बोलायला लागतो. जागा त्यांना अपुरी पडली होती.

ते रेकॉर्डिंग मी रविवारी सगळ्यांना ऐकवलं. भंडाऱ्याच्या बाई बराच वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या की भट्टीवरच्या लोकांसाठी जागा ठेवा, पण मस्कतची मुलं गाडीत कानात घालून ऐकतात, त्यांच्यासाठी कापलेलीच बरी. मस्कतची आई म्हणाली, तिची मुलं गाडीत भांडतात, त्यांनाही जागा लागते. वाद तिथेच आहे. सध्या आम्ही प्रत्येक गोष्ट दोन्ही प्रकारे ठेवतो.

ती मुलगी पावसाआधी परत येईल. आमची शाळा चौथीपर्यंतच, म्हणजे जूनपासून ती पाचवीला दुसऱ्या शाळेत जाणार. तिच्या जागी मी दुसरीतल्या एकाला बसवून बघतोय. तो माझी ओळ संपायच्या आत पान उलटतो. मला अजून ते पटलेलं नाही, पण पुढच्या रांगेने परवा तोच हवा म्हणून सांगितलं, म्हणून या आठवड्यात पुस्तक त्याच्याच मांडीवर आहे.