पुन्हा वाजवाचं का?

धारणीहून कॅनडा किती लांब आहे हे सांगायला नकाशा लागत नाही. आम्हाला अमरावतीच लांब पडते. परतवाडा सोडलं की सेमाडोह, हरिसाल करत घाटाघाटानं यावं लागतं. म्हणून लग्नाचा बस्ता बांधायला आमचे बरेच लोक अमरावतीऐवजी सरळ बऱ्हाणपूर गाठतात. अशा गावात बसून कॅनडातल्या म्हाताऱ्या रॉक बँडवर लिहायला घेतलं, तर वाचक म्हणतील, यांना दुसरं काही सुचलं नाही का? मेळघाटात कुपोषण आहे, आमच्या मोहल्ल्यात शाळा सोडणारी मुलं आहेत. ते सगळं आहेच, आणि त्यावर आमच्यापेक्षा जाणत्या लोकांनी लिहिलेलं आहे. पण या बँडवाल्यांनी आमच्या घरातल्या एका जुन्या दुखण्याला हात घातला. हा लेख त्याबद्दल आहे.

आम्ही म्हणजे एका घरातली चार चुलत भावंडं. एक शाळेत शिकवतो, एकाचं मोबाइलचं दुकान आहे, एक बहीण अंगणवाडीत आहे आणि धाकटा मिळेल ते काम करतो. थोरला नव्वदच्या दशकात शिकायला अमरावतीला होता. तिथल्या खोलीवर एका मित्राजवळ ‘रॉक मशीन’ नावाच्या मुंबईच्या बँडची कॅसेट होती. तोवर आम्हाला वाटत होतं की गिटार आणि ड्रमचा हा दणदणाट फक्त गोरे लोक करतात. कॅसेटच्या कागदावर वादकांची नावं होती. उदय बेनेगल, महेश तिनईकर, झुबिन बालापोरिया, मार्क सेल्विन. आपल्याकडचीच नावं. ती कॅसेट धारणीला आली आणि घासून घासून संपली. वीज असेल तेव्हा टेपवर, नसेल तेव्हा सेलवर.

हा बँड १९८४ साली मुंबईत सुरू झाला. आधी दुसऱ्यांची गाणी वाजवायचे, मग स्वतःची करू लागले. १९८८ मध्ये पहिला अल्बम आला. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं आणि १९९७ मध्ये बँड मोडला. कुणी न्यूयॉर्कला गेलं, कुणी इथेच राहून वेगळ्या कामाला लागलं. तेरा वर्षांनी, २०१० मध्ये, बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया पुन्हा एकत्र आले. बास आणि ड्रम या दोन जागांवर त्यांनी नव्या पिढीची मुलं घेतली आणि २०१२ मध्ये नवा अल्बम काढला. जुनीच गाणी वाजवून टाळ्या घेता आल्या असत्या, तरी त्यांनी नवी गाणी केली. ही गोष्ट आमच्या मनात राहून गेली.

कॅनडा आमच्या घरात आला तो त्यानंतर, मोबाइलवरून. दुकान असलेल्या भावाला कुणीतरी ‘अ‍ॅनव्हिल’ या बँडवरचा माहितीपट दिला. अ‍ॅनव्हिल म्हणजे ऐरण, लोहाराची. टोरोंटोची ही मंडळी १९७८ पासून वाजवत होती. १९८४ मध्ये जपानच्या एका मोठ्या जलशात ते स्कॉर्पियन्स, व्हाइटस्नेक, बॉन जोवी यांच्याबरोबर मंचावर होते. बाकीचे जगभर गाजले, हे मात्र मागेच राहिले. पण त्यांनी बँड मोडला नाही. गाणारा स्टीव्ह कडलो, ज्याला सगळे ‘लिप्स’ म्हणतात, पोटासाठी गाडीतून शाळांमध्ये मुलांच्या जेवणाचे डबे पोचवायचा. ड्रम वाजवणारा रॉब रायनर बांधकामाच्या कामावर जायचा. पन्नाशी आली तरी संध्याकाळी दोघं एकत्र बसून वाजवत. नव्या रेकॉर्डिंगला पैसे नव्हते, तेव्हा लिप्सच्या बहिणीने दिले. युरोपच्या दौऱ्यात गाड्या चुकल्या. एका ठिकाणी उशिरा पोचले, तर वाजवल्याचे पैसेही मिळाले नाहीत. शेवटी ते पुन्हा जपानला गेले. सकाळची वेळ मिळाली होती, आणि इतक्या सकाळी कोण येणार म्हणून दोघांचे चेहरे उतरले होते. बाहेर येऊन बघतात तर सभागृह भरलेलं. हा माहितीपट २००८ मध्ये आला आणि जगाला पुन्हा त्यांची आठवण झाली.

आम्ही तो बघितला आणि कुणीच काही बोललं नाही. कारण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आपले चाचा होते.

चाचांची बँड पार्टी होती. ते क्लॅरिनेट वाजवायचे आणि गावात त्यांना ‘मास्टर’ म्हणत. ट्रम्पेटवर बौद्धपुऱ्यातला त्यांचा दोस्त, साइड ड्रमवर एक शिंपी, मोठ्या ढोलावर एक कोरकू गडी. होळीला कोरकू ढाण्यांवर जो ढोल वाजतो, तो या माणसाच्या हातात लहानपणापासून होता. ठेका चुकला असं कधी झालं नाही. लाल डगले, सोनेरी झालर, डोक्यावर टोपी. लगनसराईत पाच-पाच दिवस घरी येत नसत. आम्ही लहान होतो. वरात आमच्या गल्लीतून निघाली की चाचा आमच्याकडे बघून भुवई उडवायचे आणि आम्ही चौघं तेवढ्यानेच दिवसभर फुगून बसायचो.

मग डीजे आला. एका ट्रॉलीवर दहा माणसांच्या कामाचा आवाज. सुपाऱ्या कमी झाल्या. इसार देऊन गेलेले लोक इसार परत मागायला येऊ लागले. अ‍ॅनव्हिलवरचा तो चित्रपट जगभर दाखवला जात होता, त्याच सुमारास आमच्या चाचांची बँड पार्टी बंद पडली. डगले ट्रंकेत गेले. चाचांनी पंक्चरचं दुकान टाकलं.

पण बँड एकट्या डीजेमुळे बंद पडला असं म्हटलं तर ते अर्धंच सांगणं होईल. चाचांच्या मोठ्या मुलीची, म्हणजे आमच्या आपाची, सोयरीक जमत आली होती. मुलाकडचे लोक दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा निरोप आला की लडकी अच्छी है, मगर बाप बाजेवाला है. सोयरीक मोडली. आपाचं लग्न पुढे दुसरीकडे झालं, चांगलं झालं. पण ते तीन शब्द घरातून गेले नाहीत. दुकान चालू झाल्यावर चाचींना सुटल्यासारखं वाटलं. मोहल्ल्यात ‘बाजेवाले’ जाऊन ‘पंक्चरवाले’ झालं आणि तेही आम्हाला बढतीसारखं वाटलं, यात सगळं आलं.

आपल्या समाजात या विषयावर बोलताना लोक लगेच जायज-नाजायज काढतात. त्यावर उलेमांमध्ये शेकडो वर्षं मतभेद आहेत आणि तो वाद मिटवायचा आमचा अधिकार नाही. आम्हाला एवढंच दिसतं की मिरजेला ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे आणि त्यांच्या नावाने लोक आदराने कान पकडतात. बिस्मिल्ला खाँ नमाजी होते, शहनाईही वाजवत होते, २००१ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. उस्तादांचा अभिमान सगळ्यांना आहे. वरातीत घाम गाळणाऱ्याच्या घरी मात्र मुलगी मागायला कुणी येत नाही. म्हणजे प्रश्न बाजाचा नाहीच. बाजा कोण वाजवतो, कुठे उभा राहून वाजवतो, त्याचा आहे. सगळे मोमीन भाऊ भाऊ म्हणणाऱ्या आमच्या समाजात बिरादरीची उतरंड कशी टिकून आहे, हे बाजेवाल्याच्या घरी जन्मल्याशिवाय कळत नाही.

एका पावसाळ्यात आम्ही चाचांना तो अ‍ॅनव्हिलचा चित्रपट दाखवला. भाषा त्यांना कळत नव्हती, आम्ही मधे मधे सांगत होतो. लिप्स गाडीतून डबे उतरवतो तिथे त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि जवळ धरला.

“ये डिब्बे पहुँचाता है?”

“हो चाचा.”

“और बाजा भी बजाता है?”

“हो.”

“बेचा नहीं इसने?”

आम्ही सांगितलं, नाही विकलं. चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मैंने भी नहीं बेचा.” क्लॅरिनेट धान्याच्या कोठीमागे, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेलं होतं. चाचींना माहीत होतं. आम्हाला माहीत नव्हतं.

त्यानंतर खरी हाक आली ती ट्रम्पेटवाल्या काकांकडून. त्यांच्या नात्यातलं लग्न होतं. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही हा नियम २००० सालापासून आहे, पण आता त्याची भीती वाटू लागली आहे. नवरदेवाच्या आजीनेही हट्ट धरला होता की डीजेनं छातीत धडधडतं, बँड आणा. काका दुकानावर आले, टायरवर बसले आणि म्हणाले, “मास्तर, पुन्हा वाजवाचं का?”

इथे आम्हाला दुसरा एक कॅनडाचा बँड आठवतो, ‘रश’. त्यांचा ड्रमवादक नील पर्ट १९७४ मध्ये बँडमध्ये आला. १९९७ मध्ये त्याची एकुलती मुलगी अपघातात गेली, वर्षाच्या आत बायको कर्करोगाने गेली. त्याने साथीदारांना सांगितलं, मी संपलो असं समजा. मोटरसायकल घेऊन हजारो मैल एकटा फिरला. साथीदार थांबले. त्यांनी दुसरा ड्रमवाला शोधला नाही. २००२ मध्ये तिघांचा नवा अल्बम आला. पुढे २०१५ पर्यंत वाजवून, खांदे आणि हात साथ देईनात म्हणून तो थांबला आणि जानेवारी २०२० मध्ये मेंदूच्या कर्करोगाने वारला. गेडी ली आणि अ‍ॅलेक्स लाइफसन हे दोघे उरले. त्याच्याशिवाय रश नाही, असं लोक म्हणत होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की २०२६ मध्ये आपण पुन्हा दौरा करणार, आणि ड्रमवर अ‍ॅनिका निलेस ही जर्मन वादक बाई असेल. तेव्हा दोघांनीही सत्तरी ओलांडलेली होती. लाइफसनला सांध्यांचा जुना आजार आहे.

या बातमीत आम्हाला आमची बँड पार्टी दिसली. आमचा कोरकू ढोलवाला चार वर्षांपूर्वी वारला. त्याची जागा कोण घेणार यावर चाचा आणि काका दोन दिवस भांडले. चाचा म्हणत, त्याच्याशिवाय नको. शेवटी त्याच्याच ढाण्यावरचा एक पोरगा आला. तो डीजेच्या ट्रॉलीवर वायरी जोडायचं काम करायचा. ढोल मात्र होळीत वाजवत आलेला. चाचांनी पहिल्या दिवशी त्याच्याशी शब्दही काढला नाही. दुसऱ्या दिवशी टोपी दिली.

चाचांची अडचण वेगळी होती. क्लॅरिनेट वाजवताना वरचे दात माउथपीसवर टेकवावे लागतात, आणि चाचांचे वरचे दात आता कवळीचे. जोर लावला की कवळी हलायची, सूर फाटायचा. दुपारच्या नमाजनंतर दुकानामागे बसून ते महिनाभर सराव करत होते. अजान झाली की थांबायचे. पहिल्या आठवड्यात जो आवाज निघाला तो ऐकून समोरच्या घरचे विचारायला आले, कुणाला बरं नाही का?

चाची रागावलेल्या होत्या, आणि त्यांचा राग खोटा नव्हता. आपाच्या मुलीच्या सोयरिकीचं वय झालेलं. “जो बेटी के साथ हुआ, वो नातिन के साथ भी कराओगे?” असं त्यांनी विचारलं, तेव्हा आमच्यापैकी कुणाजवळ उत्तर नव्हतं. चाचांजवळही नव्हतं. त्यांनी क्लॅरिनेट पुन्हा चादरीत गुंडाळलं. दोन दिवसांनी आपा माहेरी आली. तिनेच ती चादर सोडली, क्लॅरिनेट पुसलं आणि बापाच्या पुढ्यात ठेवलं. म्हणाली, “अब्बा, वो रिश्ता बाजे ने नहीं तोड़ा था. लोगों ने तोड़ा था. आप बजाओ.”

चाचा वाजले. पहिल्या लग्नात अर्ध्या तासात दम लागला, काकांनी ट्रम्पेटवर सांभाळून घेतलं. दोन ठिकाणी सूर घसरला. वरातीतली पोरं आधी मोबाइल काढून हसत होती, मग नाचायला लागली. आजीबाई ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या.

पुनरागमन हा मोठा शब्द आहे. वर्तमानपत्रात तो खेळाडूंसाठी आणि पुढाऱ्यांसाठी वापरतात, आणि त्यात गेलेली गादी परत मिळवण्याचा वास येतो. आम्ही जे पाहिलं त्यात गादी नव्हती. अ‍ॅनव्हिल काही बॉन जोवी झाले नाहीत. इंडस क्रीडचे जुने दिवस परत आले नाहीत. परत येणाऱ्याला जुनं काही मिळत नाही. दात गेलेले असतात, सांधे धरलेले असतात, ढोलवाला वारलेला असतो. मिळतो तो फक्त आपला माणूस, जो टायरवर येऊन बसतो आणि विचारतो. आणि ज्यानं वाद्य विकलेलं नसतं, त्यालाच हो म्हणता येतं.

गेल्या लगनसराईत चाचांनी पाच लग्नं वाजवली. पैसे फार नाहीत. बाकीची लग्नं डीजेचीच आहेत आणि पंक्चरचं दुकान चालू आहे. नातीच्या सोयरिकीचं बोलणं सुरू आहे. पाहुण्यांना निरोप धाडतानाच आपाने कळवून टाकलं आहे, मुलीचे आजोबा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात.