कोकरनागचे सूतिकागृह

काश्मीरला जाणारा प्रवासी दल सरोवर, गुलमर्ग आणि पहलगाम पाहून बहुधा माघारी वळतो. आम्ही मात्र अनंतनागहून कोकरनागची वाट धरली. सुमारे २००० मीटर उंचीवरील या गावी डोंगराच्या पायथ्याशी निर्मळ झरे फुटतात. त्या पाण्याच्या भरवशावर १९८४ साली युरोपीय आर्थिक समुदायाच्या साहाय्याने येथे ट्राउट माशांचे संवर्धन केंद्र उभे राहिले.

ट्राउट हा काश्मीरचा मूळ रहिवासी नव्हे. १८९९ साली विलायतेहून निघालेली त्याची अंडी वाटेतच नासली. १९०० साली स्कॉटलंडहून आलेले बीज मात्र तगले. हा जीव किती नाजूक, याची ओळख तेव्हाच पटली असावी.

हिवाळ्यात मादीचे पोट हलकेच दाबून अंडी काढतात, त्यांवर नराचे रेत मिसळतात आणि ती वाहत्या पाण्याच्या तबकांत पसरतात. ज्वारीच्या दाण्याएवढी, केशरी झाक असलेली ही अंडी पाहताना मोत्यांची रास आठवते. दहा अंश तापमानाच्या पाण्यात इंद्रधनुषी ट्राउटचे पिलू बाहेर यावयास महिनाभर लागतो. शत्रूला तेवढी सवड पुरेशी होते.

हा शत्रू म्हणजे सॅप्रोलेग्निया नावाची पाणबुरशी. तिचे बीजाणू पाण्यात असतातच. एखादे अंडे मरून भिजल्या साबुदाण्यासारखे पांढरे झाले, की ती त्यावर रुजते आणि तिचे कापसासारखे तंतू शेजारच्या जिवंत अंड्यांना वेढून गुदमरवतात. म्हणून मेलेले अंडे वेळीच वेचणे, हाच मुख्य उपाय. परंतु येथे एक पेच आहे. अंड्यात पिलाचे काळे डोळे दिसू लागेपर्यंत त्याला धक्का सोसत नाही. त्या दिवसांत वेचणीसाठी तबक ढवळावे, तर जिवंत अंडीच दगावतात.

या पेचातून सुटण्यासाठी गेल्या शतकात जगभर मॅलाकाइट ग्रीन हे हिरवे रंगद्रव्य सर्रास वापरले गेले. गुण उत्तम, पण त्याचा अंश माशाच्या मांसात टिकतो आणि तो कर्करोगकारक असल्याची शंका आहे. त्यामुळे युरोप-अमेरिकेत खाद्यमाशांसाठी त्यास मनाई झाली. आता फॉर्मॅलिनचे किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडचे मोजके द्रावण पाण्याबरोबर सोडतात. डोळे दिसू लागल्यावर मात्र पिपेटने किंवा चिमट्याने एकेक पांढरे अंडे वेचावेच लागते.

औषधाहूनही मोठा आधार झऱ्याचा. खडकातून थेट येणाऱ्या पाण्यात गाळ, कुजका पाला आणि बुरशीचे बीजाणू नदीच्या मानाने कमी असतात. कोकरनागचे थोरपण आम्हांला यातच दिसले.

वाचकांपैकी कोणी हिवाळ्यात तिकडे गेल्यास परवानगी घेऊनच आत जावे. तबकांवरील झाकणे उचलण्याचा आग्रह मात्र धरू नये. प्रखर उजेडही या अंड्यांना बाधतो.