एरसम्याच्या किनाऱ्यावर

ओडिशात जायचे म्हटले की कोणीही जगन्नाथपुरी गाठतो. आम्हीही गाठली. सौभाग्यवतींच्या मनासारखे दर्शन झाले. पण माझी तीस वर्षे शेताच्या बांधावर गेलेली, मला खाचरे पाहिल्याशिवाय करमत नाही. दुसऱ्या दिवशी कटकमार्गे जगतसिंहपूर जिल्ह्यातल्या एरसमा भागात उतरलो.

एवढ्या लांब कशासाठी, असे आपण विचाराल. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला महापूर आला, तेव्हा एका गावात मी लोकांना बाहेर पडा म्हणून विनवत फिरत होतो. एक आबा गोठ्याच्या दारातून हलेनात. "साहेब, म्हशी सोडून कुठं येऊ?" मला उत्तर देता आले नाही. शेवटी आबांना होडीतून काढले. म्हशी दाव्यालाच गेल्या. तो प्रश्न माझ्या मनातून जात नव्हता.

एरसमा म्हणजे सपाट भातशेती, मधूनमधून पानमळे, आणि समुद्राच्या बाजूला सुरूची झाडे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी इथे महाचक्रीवादळ धडकले. ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे वारा, आणि समुद्र भिंतीसारखा गावांत शिरला. राज्यात सुमारे १० हजार माणसे गेली, त्यांतली बहुतेक याच जिल्ह्यातली. जनावरे लाखांनी मेली. इशारा मिळाला होता, पण जायचे कुठे? रेडक्रॉसने आधी बांधलेले थोडे पक्के निवारे किनाऱ्यावर होते. त्यांत जे पोचले ते वाचले.

आता गावागावांत निवारा दिसतो. खांबांवर उभी केलेली इमारत, खालचा भाग मोकळा, म्हणजे पाणी आरपार निघून जावे; वर मोठी दालने. अपंगांसाठी उतरण आहे. एरवी तिथे शाळा भरते, आणि मला हेच फार आवडले. बंद ठेवलेली सरकारी इमारत कशी होते ते आपण जाणताच. आम्हाला तिथल्या मास्तरांनी सामानाची खोली उघडून दाखवली. भोंगा, जनित्र, पडलेली झाडे कापायची यांत्रिक करवत, स्ट्रेचर, मोठाली पातेली. किल्ली गावातल्या समितीकडे. म्हाताऱ्यांना कोणी उचलायचे, गरोदर बायांना कोणी आणायचे, चूल कोणी पेटवायची, हे नावानिशी ठरलेले असते आणि त्याची रंगीत तालीमही होते.

पैसा एकाचा नाही. राज्य सरकारने डिसेंबर १९९९ मध्येच आपत्तीसाठी स्वतंत्र प्राधिकरण काढले. केंद्र सरकार, जागतिक बँक, रेडक्रॉस यांचा हात लागला, आणि राबणारी माणसे गावची. २०१३ च्या फायलिन वादळात जवळजवळ १० लाख आणि २०१९ च्या फनीत सुमारे १२ लाख लोक हलवले. मृत्यू दोन्ही वेळा शंभराच्या आत राहिले.

तिथल्या एका म्हातारीला आमच्या सौ. 'मावशी' म्हणाल्या आणि ती खुदकन हसली. त्यांच्याकडेही माउसीच म्हणतात! मास्तर मध्ये बसून सांगू लागले. तिच्या दोन गाई १९९९ मध्ये गेल्या होत्या. मी आबांचा प्रश्न तिला विचारला. ती म्हणाली, इशारा तीन-चार दिवस आधी येतो, तेव्हाच गुरे उंचवट्यावर न्यायची. तेही जमले नाही तर दावी तरी सोडायची. बांधलेले जनावर आधी मरते. "तरी काही जातातच," असेही ती म्हणाली. पदर डोळ्याला लावला नाही, पण बराच वेळ बोलली नाही.

परतताना भाताची एक गोष्ट कळली, ती सांगायलाच हवी. 'स्वर्णा सब-१' हे वाण पाण्याखाली सुमारे दोन आठवडे बुडूनही तगते. त्याचा हा गुण ओडिशातल्याच एका जुन्या गावठी भातातून आला. कटकच्या संशोधन केंद्राने तो निवडून जपला, फिलिपाईन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संस्थेने तो आपल्या आंध्रच्या स्वर्णा भातात उतरवला, आणि २००९ मध्ये बियाणे प्रसारित झाले. मात्र ऐकून लगेच मागवू नका. गरव्या मुदतीचे वाण आहे, आणि खाऱ्या पाण्यावर त्याचा इलाज चालत नाही.

घरी आल्यावर आबांच्या गावी गेलो. हायस्कूल उंचावर आहे, त्याची किल्ली पुरात कोणाकडे राहील, एवढेच ग्रामपंचायतीत विचारले. त्यावर तासभर भांडण झाले, चांगले झाले. मग नावे लिहायला घेतली. आबांच्या गोठ्यात आता पुन्हा दोन म्हशी आहेत. ते मागच्या भिंतीला टेकून बसले होते.

"साहेब," ते म्हणाले, "दावी कोण सोडणार त्याचं नाव आधी लिवा. मग माझं लिवा."